लेवीयला अडकलेल्या आयांनो, इकडे या

राहुरीकरीण:
सलाम मैत्रिणींनो. नाताळची साफसफाई काढलीय. माळ्यावरच्या ट्रंकेतून आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, निघालं. पुठ्ठा सुटलाय, पानांच्या लाल कडा पार फिक्या झाल्यात. आई जाऊन चार वर्षं झाली.

उघडलं तर लेवीयच्या, म्हणजे तिसऱ्या पुस्तकाच्या, अकराव्या अध्यायात माझं लसीकरणाचं कार्ड! आईची सवय अशी, की अध्याय वाचून झाला की समासात पेन्सिलीने बारीक तारीख टाकायची. १९९४ च्या १ जानेवारीला उत्पत्तीचा पहिला. मग रोज एक, एकही खाडा नाही. १९ फेब्रुवारीला उत्पत्ती संपली, ३१ मार्चला निर्गम. लेवीय १० वर १० एप्रिल. आणि लेवीय ११ वर एकदम १९ नोव्हेंबर.

मधे काय झालं? मधे मी झाले. ११ एप्रिलचा जन्म माझा.

सात महिन्यांनी बाई परत वाचायला बसली ती कोणतं जनावर खावं नि कोणतं खाऊ नये, ह्या यादीपाशी. आणि मी इतकी वर्षं समजत होते की आईचं वाचन कधी चुकलंच नाही. ती तसं म्हणायची, की आम्हीच तसं धरून चाललो, कोण जाणे. माझं पिल्लू आता पाच महिन्यांचं आहे. तो झाल्यापासून शास्त्र उघडलेलं नाही, आणि रोज रात्री दिवा घालवताना स्वतःला बोल लावते. आज ट्रंकेपाशी बसून आईवर चिडलेच थोडी. सांगायचं ना गं एकदा.

तुमचं लिहा. कसं जमतं, कसं जमत नाही. उठला वाटतं, पळते.

जुळ्यांची आई:
वाचन म्हणजे काय असतं?

कणीकवाली:
मी ऐकते. कानात वायर, हातात लाटणं. अॅपमधला माणूस १ इतिहास इतक्या गंभीर आवाजात वाचतो की बास. पहिले नऊ अध्याय नुसती नावं! लेकाने एकदा स्पीकरवर ऐकलं, तेव्हापासून जिन्यातल्या बोक्याचं नाव अर्पक्षद. मजल्यावरच्या बायका विचारतात हे कसलं नाव, मी म्हणते शास्त्रातलं आहे.

अॅपवर २१२ दिवस सलग झाले होते माझे. दुसऱ्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या आणि २१३ वा राहिला. खरं सांगू, लेबर रूममध्ये एकदा मनात आलं की फोन मागून घ्यावा.

जुळ्यांची आई:
२१२!! बाई तुझ्या पाया पडते

सूनबाई पिंपरी:
आमच्याकडे रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना. सासरे वाचतात, आम्ही ऐकतो. मुलगा मांडीत, शी झालेली, उठायची सोय नाही, कारण त्या दिवशी नीतिसूत्रे ३१ चाललंय. सद्गुणी स्त्री! रात्र सरायच्या आत उठते, घरच्यांना खायला घालते, लोकर काय, ताग काय, शेत काय, द्राक्षमळा काय. सासूबाई दर वचनाला माझ्याकडे बघतात. मी मुलाकडे बघते. मुलगा वास सोडतो.

पाळकाची लेक:
सूनबाई, पंधरावं वचन पूर्ण वाच, तिला दासी होत्या. कामं वाटून द्यायची ती. आमच्याकडे भांडीवाली मावशी दोन दिवस आली नाही की सद्गुण संपतात.

आणि त्याच अध्यायाचं पहिलं वचन कोणी वाचत नाही. ही लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली वचनं आहेत. म्हणजे बायको कशी असावी ही यादी मुलाच्या आईने केलेली आहे. पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, उपदेशात घेता येणार नाही, महिला मंडळ उठून जाईल.

(मूळ हिब्रूत सद्गुणी स्त्रीच्या त्या २२ वचनांची सुरुवात ओळीने २२ अक्षरांनी होते. बाराखडी घोकावी तसं पाठ करायचं गाणंच ते. एकाच बाईने एकाच दिवसात हे सगळं केलं असं कुठंय?)

सूनबाई पिंपरी:
हे मी आज रात्री आठला वाचून दाखवणार आहे. पुढचा निरोप माहेरून येईल.

निर्मळची पोर:
मी कॅथलिक, माहेर वसई, सासर पुण्यातलं प्रोटेस्टंट. आमच्या घरात बायबल दोन. माझ्यात ७३ पुस्तकं, ह्यांच्यात ६६. लग्नात ह्यावर कोणी बोललं नाही, भांडण लागलं लेक चार वर्षांची झाल्यावर. तिला टोबीतची गोष्ट आवडते, कारण प्रवासाला निघालेल्या मुलाबरोबर त्याचा कुत्रा पण जातो. कुत्रा पुढे काही करत नाही, नुसता जातो. पण तिला रोज तेच हवं असतं. एका रात्री मी भांडी घासत होते, तिने बाबांना वाचायला लावलं. ह्यांनी पुस्तक चाळून सांगितलं की अशी गोष्ट बायबलमध्ये नाही. पोरीने जो गोंधळ घातला! बाबांच्या बायबलमधला कुत्रा हरवला म्हणून दोन दिवस शोधत होती, सोफ्याखाली सुद्धा.

आता झोपायच्या वेळी ह्यांनाही माझं वाचावं लागतं. माझं म्हणजे दिब्रिटो फादरांचं सुबोध बायबल, आईने लग्नात दिलेलं. जाडजूड आहे, झोपून वाचलं तर नाकावर पडतं. आमच्या वसईत फादरांचं कौतुक सांगायला नको, पण २०२० ला ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा सासरे स्वतःहून म्हणाले, तुमचे फादर मराठी चांगलं लिहितात हो. तुमचे!

राहुरीकरीण:
कुत्रा हरवला!! इथे दूध पाजताना हसतेय, तो वैतागलाय माझ्यावर.

तीन_नंबर:
पाने खाणारं कोणी आहे का अजून? आमच्या धाकट्याने प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, शेवटचा अध्याय खाल्ला. शास्त्राचा कागद पातळ, तोंडात विरघळतो बहुतेक. आमच्या घरात जगाचा शेवट अजून व्हायचाच आहे.

कणीकवाली:
डॉक्टरला दाखवलंस का

तीन_नंबर:
डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत बाहेर पडेल. पडलं.

मिसेस केडगाव:
माझी आजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. घरात बाईंचं बायबलचं भाषांतर होतं. रमाबाई हिब्रू नि ग्रीक शिकल्या आणि आख्खं शास्त्र एकटीने मराठीत आणलं. छापखान्यात खिळे जुळवायला पण मिशनमधल्या बायकाच. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पूर्ण ग्रंथ छापून आला १९२४ ला. आजी सांगायची, बाईंना जड शब्द नको असायचे, खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे असा हट्ट.

मला वाचनापेक्षा दुसरंच आठवतं. मनोरमा जेमतेम वर्षाची असताना नवरा गेला, आणि १८८३ ला दोन वर्षांची पोर घेऊन ही बाई बोटीने इंग्लंडला निघाली. मी लेकीला घेऊन केडगाव ते पुणे पॅसेंजरने जाते तर तीन पिशव्या होतात.

पाळकाची लेक:
पॅसेंजरला आता डेमू म्हणतात मावशी

मिसेस केडगाव:
म्हणू दे. बसायला जागा तेव्हाही नव्हती.

अबोली:
मला जरा वेगळं लिहायचंय. थोरली दोन वर्षांची झाली तरी अंगावर प्यायची. सगळे म्हणाले तोड आता. आत्याने कोरफड लावायला सांगितली. पहिल्या रात्री लेकीने तोंड लावलं, थू केलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी फसवलंय तिला. तीन रात्री आकांत. मी पण रडत होते, ती पलीकडे नवऱ्याच्या कुशीत, मी भिंतीकडे तोंड करून. चौथ्या रात्री ती आपणहून आली, मांडीत बसली, काही मागितलं नाही. नुसती टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी उघडलं तर स्तोत्र १३१. तीनच वचनं आहेत, म्हणून तर निवडलेलं. त्यात दूध तोडलेलं बाळ आईपाशी असतं तसा माझा जीव शांत आहे, असं आहे. लहानपणापासून ऐकलंय ते. मला वाटायचं तान्हं बाळ, पोट भरून झोपलेलं. तसं नाहीच ते. तोडलेलं बाळ! ज्याला काही मिळणार नाही हे कळलंय आणि तरी येऊन बसलंय. हे लिहिणाऱ्याने तीन रात्रींचा आकांत ऐकलेला असणार. का कुणास ठाऊक, मला तर वाटतं बाईनेच सांगितलं असेल त्याला.

राहुरीकरीण:
अबोली, हे मी चारदा वाचलं.

जुळ्यांची आई:
कोरफड कुठे मिळते? कुंडीतली चालते का? दोघांना एकदम तोडू की एकेक? सिरीयसली विचारतेय

अबोली:
कुंडीतली चालते. एकदम तोड, नाहीतर एक दुसऱ्याकडे बघून पेटतो. आणि नवऱ्याला तीन दिवस सुट्टी टाकायला लाव.

नवीन आई २४:
आमच्या मंडळीत मला ऐकवलं गेलं की चार महिने झाले, उपासनेला दिसत नाहीस. दीड तास उपासना, पाजायला जागा नाही, बाहेर व्हरांड्यात चपलांपाशी बसावं लागतं. एकदा गेले, पूर्ण संदेश चपला मोजत ऐकला. ४६ जोड. नंतर गेलेच नाही.

पाळकाची लेक:
१ शमुवेल १ वाच. हन्नाने नवस करून मूल मिळवलं, आणि वर्षाच्या यज्ञाला जायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला सांगितलं, मूल दूध सोडेपर्यंत मी येत नाही, तुम्ही जा. एलकाना म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर. विषय संपला. पुढच्या वेळी कोणी बोललं तर एवढंच म्हण: हन्नासुद्धा गेली नव्हती.

मला त्या गोष्टीत झगा आवडतो. पोराला मंदिरात ठेवल्यावर ती दरवर्षी लहानसा झगा शिवून न्यायची त्याच्यासाठी. माप कसं घेत असेल? वर्षभर पोर समोर नाही. अंदाजाने वाढवत असणार. मी हॉस्टेलला होते तेव्हा मम्मी असंच करायची, ड्रेस कायम दोन इंच मोठा.

नवीन आई २४:
हन्नासुद्धा गेली नव्हती. लिहून ठेवते.

कुवेतहून:
इथे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पण शुक्रवारी. लेकाला वाटतं भारतातले लोक चुकतात, देवाचा वार शुक्रवारच. मी नर्स, नाईट करून येते. रोजरीची जपमाळ बसमध्ये होते, म्हणजे पाचव्या, शेवटच्या रहस्यापर्यंत स्टॉप येतो. ट्रॅफिक असेल तर जास्त भक्ती. वसईवाल्या कोणी आहात का, नाताळचे तळलेले फुगे करताय का यंदा? माझे मागच्या वर्षी दगड झाले.

निर्मळची पोर:
नारळाचं दूध गार घातलंस का? कोमट घाल. आणि पीठ सैलच ठेव, हाताला चिकटलं पाहिजे. पळी तेलात बुडवून सोड म्हणजे नीट सुटतं.

कुवेतहून:
गारच घातलं होतं!! टिनचं, फ्रीजमधलं. थँक्यू गं, आईला विचारलं तर ती म्हणते अंदाजाने.

कणीकवाली:
धागा कुठला नि फुगे कुठे. असो, मैदा किती घ्यायचा?

शेजारीण:
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? जालन्याला आमच्या शेजारी एक वहिनी होत्या, मिशन शाळेत शिक्षिका. त्यांच्याकडे ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक यायचं. आमच्याकडे एकच पेपर, तोही बाबांच्या हातातून संध्याकाळी सुटायचा, म्हणून आई त्यांच्याकडून ज्ञानोदय आणून वाचायची. त्या बदल्यात आईची ज्ञानेश्वरी त्यांच्याकडे. सहा महिन्यांनी दोघींनी पुस्तकं परत केली तेव्हा आमच्या ज्ञानेश्वरीत मुलाच्या रेषा होत्या, निळ्या पेनाच्या. आई काही बोलली नाही. अजून आहेत.

पाळकाची लेक:
ज्ञानोदय १८४२ चा, नगरला सुरू झालेला. आमच्याकडे जुने अंक पप्पा टाकू देत नाहीत. पलंगाखाली. झाडू मारता येत नाही.

अंकुश (बाबा):
एका बाबाला लिहू द्या. बायकोने लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे वाचायला घेतलं बाळंतपणात, रात्री पाजताना. नियम असा ठरला की बाळ झोपलं की तिनेही झोपायचं. तिसऱ्या रात्री लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग आला आणि ही इतकी हसली की बाळ उठलं, मी उठलो, खालचे आजोबा उठले. मी पुस्तक कपाटावर ठेवलं. ती म्हणाली, लक्ष्मीबाईंचे टिळक पण असेच करत असणार. मी मुकाट काढून दिलं.

मेरी ग्रेस:
माझं बाळ राहिलं नाही. सातव्या महिन्यात. नंतर वर्षभर मी काही वाचलं नाही, कोणी वाचून दाखवलं तर उठून जायचे. फक्त एकदा संडे स्कूलमध्ये मुलं सुवर्णवचन म्हणत होती, प्रत्येक आळशी मुलगा सर्वांत छोटं निवडतो तसं एकाने म्हटलं, येशू रडला. सगळे हसले. मी तेवढंच घेऊन घरी आले. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, पाचवा चालू आहे. म्हणून इथे वाचत होते.

अबोली:
मेरी ग्रेस, मिठी. कुठे आहेस? जवळ असशील तर डबा आणते.

मेरी ग्रेस:
सोलापूर. डबा नको, लिहीत राहा सगळ्या.

मिसेस केडगाव:
बाळा, जपून. गाडीने प्रवास करू नकोस उगाच.

सूनबाई पिंपरी:
अपडेट. आठ वाजता वाचलं. पहिलं वचन, मग पंधरावं. सासरे चष्मा काढून म्हणाले, हं. सासूबाई म्हणाल्या, मलाही माझ्या सासूने हाच अध्याय ऐकवला होता, तेव्हा दासींचं कोणी बोललं नाही. मग म्हणाल्या, उद्यापासून सकाळचा चहा मी करते. बघू किती दिवस.

जुळ्यांची आई:
तुझ्या पण पाया पडते

राहुरीकरीण:
झोपला एकदाचा. सगळं वाचलं, एकेकीला उत्तर उद्या. दुपारी अकराव्या अध्यायापुढे बघायचं राहिलं होतं. बारावा बाळंतिणीच्या शुद्धीचा आहे, म्हटलं आईने तिथे काही लिहिलंय का बघू.

लेवीय १२ वर तारीख नाही. १३ नाही, १४ नाही, शेवटच्या २७ पर्यंत कुठेच नाही. २० नोव्हेंबरला आई थेट पुढच्या पुस्तकावर, गणनावर.

षोडश अध्याय गाळलेत बाईने!

पाळकाची लेक:
षोडश काय गं, सोळा म्हण. आणि पप्पांना सांगू नकोस, मीही गाळलेत.