मदत हवी आहे: उतारावरच्या घराची खालची खोली कोंबुचा, जिंजर बियर आणि माडाच्या व्हिनेगरसाठी तयार करायची आहे

नमस्कार मंडळी,

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे निम्म्या प्रतिसादांचे कष्ट वाचतील. खरी बियर करणार नाही. गोव्यात दारू स्वस्त मिळते म्हणजे घरी करायलाही मोकळीक असणार, असा घाटावरच्या मित्रांचा पक्का समज आहे. तसं नाही. इथे १९६४ चा अबकारी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, मग ते फेणी असो की बियर. नोकरीनिमित्त परदेशात होतो तेव्हा बियर करायचो, हात शिवशिवतात हे कबूल. पण सध्या कोंबुचा (साखर घालून आंबवलेला चहा), आल्याची जिंजर बियर आणि माडाचा व्हिनेगर, एवढंच. तेही घरापुरतं.

आता खोलीबद्दल. घर फोंडा तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. रस्त्याकडून बघितलं तर एकमजली, कुळागराकडून, म्हणजे खालच्या नारळ-सुपारीच्या बागेकडून, बघितलं तर दुमजली. खालची खोली म्हणजे आमची जुनी कोठी. १२ बाय १० फूट, उंची जेमतेम साडेसात. मागची भिंत पूर्ण मातीत, दोन बाजूच्या भिंती उताराबरोबर अर्ध्या-अर्ध्या, समोर दार आणि एक जाळी. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), आतून कधीकाळी चुन्याचा गिलावा, त्यावर वडिलांनी सिमेंट मारलेलं. खाली कोबा. आजोबांच्या वेळी इथे नारळ, सुपारी आणि पावसाळ्याची लाकडं असायची. यंदा चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान दोन दिवस आत ठेवलं, तर आई म्हणाली की सुपारीच्या घडालाही कुबट वास लागला.

उन्हाळ्यात बाहेर ३३ अंश असताना आत २७-२८ असतं, म्हणून तर ही जागा डोक्यात बसली. पण ऑगस्टमध्ये आर्द्रता मोजली ती ९० च्या वर. मागच्या भिंतीला कंबरेपर्यंत लोणा धरलाय, हात फिरवला की पांढरी पूड पडते.

गवंडी येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं: आतून वॉटरप्रूफ गिलावा, त्यावर छतापर्यंत टाइल्स, कडाप्प्याचा ओटा, सिंक, कोपऱ्यात गॅसची शेगडी, बास. आकडा ऐकून मी घरात अजून कोणाला सांगितलेला नाही.

मला विचारायचंय ते असं. टाइल्स लावल्या की ओल खरंच थांबते का? पावसाळ्यात हवा खेळती ठेवायची की दार लावून डीह्युमिडिफायर चालवायचा? आणि ज्यांनी असल्या ओलसर जागेत कोंबुचा केलाय त्यांची बुरशीपासून सुटका कशी झाली? वरच्या मजल्यावर जागा नाही, स्वयंपाकघर आईचं आहे, त्यामुळे 'वरच करा' हा सल्ला कृपया नको.

चिरेबंदी

बाब, तो गवंडी तुमच्या घराला रेनकोट आतून घालायला निघालाय.

चिरा सच्छिद्र असतो, पाणी ओढतो. मागच्या मातीत पावसाळ्याचे चार महिने पाणी साचून राहतं, ते भिंतीतून आत येतं आणि खोलीच्या बाजूने वाळतं. वाळताना पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात, तोच तुमचा लोणा. आतून टाइल्स लावल्या की वाळायची वाट बंद. पाणी थांबत नाही, वर चढतं. आज कंबरेला आहे ते दोन-तीन पावसाळ्यांत टाइल्सच्या वरच्या कडेला निघेल, किंवा टाइल्सच पोकळ वाजायला लागतील. वडिलांनी मारलेल्या सिमेंटनेही थोडंफार हेच केलं असणार. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, सिमेंट घेत नाही.

पैसे बाहेर घाला. मागच्या भिंतीला समांतर चर खणायचा, तळाला भोकांचा पाइप, त्यावर खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइलचं कापड म्हणजे माती आत शिरून चर बुजणार नाही. तुमचं घर उतारावर आहे हे केवढं नशीब! चराचं पाणी पंपाशिवाय कुळागरात उतरवता येईल. सपाट जागेवरच्या खऱ्या तळघराला खड्डा आणि पंप लागतो, आणि वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते. छपराचं पाणी मागच्या बाजूला पडत असेल तर पन्हळ लावून आधी ते वळवा. कित्येक घरांत अर्धी ओल तेवढ्यानेच जाते.

पण त्याआधी एक बिनपैशाची चाचणी करा. दोन-दोन फुटांचे जाड प्लॅस्टिकचे तुकडे भिंतीवर चारही कडांनी घट्ट टेपने चिकटवा, दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूने आले तर ती हवेतली वाफ आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि लोक भलत्याच रोगावर खर्च करून मोकळे होतात.

माडावरून

'वरच करा' हा सल्ला नको म्हणालात म्हणून गप्प बसतो. नाहीतर तोच देणार होतो.

आंबटओली

मी मडगावला फ्लॅटमध्ये कोंबुचा करते, तळघरात नाही, पण आमचा पाऊस तोच आहे.

बुरशीचं मुख्य कारण ओल नसते, उशिरा येणारी आम्लता असते. नवीन चहात आधीच्या घाण्यातला तयार कोंबुचा निदान दहावा हिस्सा घाला. पीएच पट्टीवर सुरुवातच ४.५ च्या खाली आली पाहिजे. मग बुरशीला पाय रोवायला मिळत नाही. तरीही वर केसाळ, कोरडा, हिरवा-काळा डाग दिसला तर सगळं फेकायचं, वरचा थर काढून 'खालचं बरं असेल' असला कंजूषपणा करायचा नाही. भांड्याच्या तोंडाला घट्ट विणीचं कापड आणि रबर. मलमल नको, तिच्यातून चिलटं शिरतात.

व्हिनेगर मात्र त्या खोलीत ठेवणार असाल तर नीट विचार करा. व्हिनेगरच्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून बरणी उघडी असते, वास आणि जिवाणू सगळीकडे. जिंजर बियर शेजारी ठेवलीत तर तीही आंबट होऊन बसेल. दाराजवळ एक, आतल्या कोपऱ्यात दुसरं, आणि कापडं, चमचे, नळ्या वेगळ्या.

आणि तो कडाप्प्याचा ओटा रद्द करा हो! कडाप्पा हा चुनखडीचा दगड. शहाबादीही तशीच, संगमरवरही. व्हिनेगर सांडला की खायला लागतो, पहिल्या महिन्यात डाग, वर्षात खड्डे. ग्रॅनाइट घ्या किंवा ३०४ ग्रेडचं स्टील. कोब्यावरही सांडून ठेवू नका, सिमेंटही आम्लाला टिकत नाही. तांब्या-पितळेचं भांडं चुकूनही नको. आजीची चिनी मातीची बरणी उत्तम, फक्त आतलं झिलईचं काम तडकलेलं नसावं.

जिंजर बियर शोभेच्या चौकोनी बाटल्यांत भरू नका. आपल्या हवेत दोन दिवसांत गॅस धरतो आणि चौकोनी काच कोपऱ्यातून फुटते. मी प्रत्येक घाण्याची एक बाटली सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरते. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये.

वायरबाबा

बाकीचं नंतर. खाली गॅसची शेगडी लावायची नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि तुमची खोली तीन बाजूंनी बंद आहे. जाळी छताजवळ असेल तर तिचा काही उपयोग नाही. लाइटचं बटण दाबलं की ठिणगी. सिलिंडर तर नाहीच, वरून पाइपही नको.

विजेची लाइन वेगळी घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर आणि सिंकपासून लांब.

अजून एक. आंबवताना कार्बन डायऑक्साइड निघतो. एक किलो साखर पूर्ण आंबली तर अडीचशे लिटरहून जास्त. तुमच्या बरण्यांचा पसारा छोटा आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण रात्रभर बंद खोलीत सकाळी शिरताना दार उघडून पाच मिनिटं थांबा. लहान मूल जमिनीवर खेळत असेल अशी ही जागा नव्हे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. गॅसचं लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे उकळणं आलं वर, आणि आईशी बोलणं आलं. तिला विचारलं तर म्हणाली, 'सोमवारी आणि शनिवारी दुपारी तीन ते चार.' ही वेळ मला एखाद्या सरकारी कार्यालयाच्या खिडकीसारखी वाटली, पण मिळाली.

तासाभरात वीस लिटर चहा कसा उकळायचा?

आंबटओली

वीस लिटर कशाला उकळता? दोन-तीन लिटर पाण्यात कडक चहा आणि सगळी साखर वर उकळून घ्या, बाकीचं गाळून गार केलेलं पाणी खाली घाला. थंड व्हायची वाटही बघावी लागत नाही आणि खोलीत वाफही होत नाही. आल्याचंही तेच.

चिरेबंदी

हवा खेळती ठेवायचा प्रश्न राहिला. पावसाळ्यात जाळी उघडी ठेवू नका, उलट होतं. बाहेरची हवा २८ अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेची असली की तिचा दवबिंदू २७ च्या आसपास येतो. तुमची मातीतली भिंत त्याहून गार असली तर ती गार पाण्याच्या तांब्यासारखी घामेजणार. जून ते सप्टेंबर दार बंद आणि डीह्युमिडिफायर चालू, आर्द्रता ६० च्या आसपास. मशीन खोली थोडी तापवेल, पण तुमच्या बरण्यांना २८-२९ अंश चालतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की खुशाल सगळं उघडा.

लाकडी मांडण्या नकोत. वाळवी तुमच्या आधी घर करेल.

काजूबोंड

व्हिनेगरबद्दल एक. सूर (माडाची ताडी) रेंदेराकडून, म्हणजे ती काढणाऱ्याकडून, आणणार ना? सूर हे मद्यच. बरणीत पहिले काही दिवस तुमच्याकडे मद्यच असतं, मग त्याचं आंबट होतं. आमच्या शेजारच्या घरात कौलाचा तुकडा लाल होईपर्यंत तापवून सुरेत टाकतात आणि बरणी बांधून ठेवतात, महिन्याभराने सोरपोतेलला (डुकराच्या मटणाच्या आंबट-तिखट रश्श्याला) तयार. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, कोणी विचारत नाही. पण तुम्ही सुरुवातीलाच कायदा काढलात म्हणून सांगतो, तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन किती लिटरपर्यंत चालतं ते विचारून घ्या. आणि उद्या कोंबुचा विकायचा विचार आला तर अन्नसुरक्षा नोंदणी लागेल. ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर ते पेय मद्याच्या वर्गात जातं. दुसऱ्यांदा बाटलीत बंद केलेला कोंबुचा उन्हाळ्यात तिथवर सहज पोचतो.

धागाकर्ता

विकायचं नाही, नातेवाईकच पुरेसे आहेत. सुरेचं विचारून येतो.

प्लॅस्टिकची चाचणी केली. चार तुकडे चिकटवले. आई खाली डोकावून म्हणाली, 'हें कितें रे चिकटायलां?' आणि उत्तर न ऐकता वर गेली. दोन दिवसांनी पाहिलं. मागच्या भिंतीवर थेंब प्लॅस्टिकच्या मागे, चांगले ओघळ. दाराकडच्या भिंतीवर खोलीच्या बाजूने, मागे कोरडं. बाजूच्या दोन भिंतींवर मातीत असलेल्या भागात मागे, बाकी ठिकाणी काही नाही. म्हणजे दोन्ही रोग आहेत, पण जागा वेगवेगळ्या.

गवंड्याला टाइल्सचं काम नको म्हणून कळवलं. नाराज झाला, मग चराचं ऐकून खूश झाला. पाऊस अजून पडतोय, त्यामुळे खणायला दिवाळीनंतर. तो म्हणतो भिंतीला अगदी चिकटून खणू आणि पायाच्या तळापर्यंत जाऊ, म्हणजे एकदाचं काम. बरोबर आहे का?

चिरेबंदी

अजिबात नाही! पायाच्या तळापर्यंत, तेही भिंतीला चिकटून, जुन्या चिऱ्याच्या घराला? मागची माती हलली की भिंत बसेल. भिंतीपासून निदान तीन-चार फूट लांब, आणि चराचा तळ पायाच्या तळापेक्षा वरच राहू दे. खोलीच्या कोब्याच्या पातळीपर्यंत पोचलात तरी पुष्कळ. पाया किती खोल आहे ते माहीत नसेल तर एका कोपऱ्यात छोटा खड्डा खणून आधी बघा. आणि सगळा चर एका दिवशी उघडू नका, सहा-सहा फुटांच्या तुकड्यांत खणा, पाइप आणि खडी भरा, मग पुढचा. पहिल्या खड्ड्याचा फोटो टाका.