‘रेंज’ला मराठीत काय म्हणावे: पल्ला, आवाका की संच?

कानामात्रा
लहान रकमेचे ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांसाठी एक टिपण मराठीत करतो आहे. आपला डाव जाणकारांसमोर कसा मांडला म्हणजे उपयोगी अभिप्राय मिळेल, हा विषय. एका वाक्यावर अडलो आहे. आशय असा: ‘समोरच्याकडे नेमकी कोणती दोन पाने होती ते विचारू नका, त्याची रेंज काय असेल ते विचारा.’ रेंज म्हणजे असे खेळताना त्याच्याकडे असू शकतील ती सगळी पाने. मी ‘पल्ला’ लिहिले होते. तपासणाऱ्याने ते खोडून ‘आवाका’ केले, कारण त्यांच्या मते पल्ला तोफेला असतो. ‘रेंज’ तसाच ठेवावा तर नवख्याला मोबाइलची रेंज आठवेल. टिपणातला नमुना देतो, त्यात शब्द बसवून पाहा (बटण म्हणजे फ्लॉपपासून पुढे शेवटी खेळायची जागा, फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडलेली पहिली तीन पाने, बघणे म्हणजे समोरच्याएवढी रक्कम घालणे, सेट म्हणजे जवळची जोडी आणि टेबलावरचे एक मिळून तीन सारखी पाने):

‘मी बटणावर, एक्का-राणी. फ्लॉपवर एक्का आला. मी लावत गेलो. शेवटच्या पानावर त्याने सगळे लावले, मी बघितले, त्याच्याकडे अठ्ठ्यांचा सेट निघाला. माझे चुकले का?’

वेलांटी
पल्लाच ठेवा. तोफेचा पल्ला, नजरेचा पल्ला, लांब पल्ल्याची गाडी. कुठून कुठपर्यंत, हे त्या शब्दात आपोआप येते. आवाका म्हणजे झेप, कुवत. ‘त्याचा आवाका मोठा आहे’ हे खेळाडूबद्दल म्हणता येईल, पानांबद्दल नाही.

सहावी खुर्ची
‘कुठून कुठपर्यंत’ हीच तर अडचण आहे. रेंज सलग नसते. बिग ब्लाइंडवरचा, म्हणजे वाटपाआधी सक्तीची मोठी रक्कम लावणारा, चांगला खेळाडू बटणाविरुद्ध पुन्हा वाढवतो तेव्हा त्यात एक्क्यांची जोडी, राजांची जोडी, एक्का-राजा असतात आणि एकाच रंगाची एक्का-पंजीही असते. मधली अठ्ठ्यांची जोडी किंवा राजा-दश्शी तो नुसती बघतो. वरचा भाग आहे, खालचा आहे, मध्ये भोक आहे. पल्ल्याला भोक नसते. शिवाय तीच एक्का-पंजी तो निम्म्या वेळा वाढवेल, निम्म्या वेळा बघेल, म्हणजे ती रेंजमध्ये अर्धीच मोजायची. म्हणून ‘संच’.

वेलांटी
संच म्हटले की गणिताचे पुस्तक आठवते. मग ‘संभाव्य पाने’ म्हणा. ‘त्याची संभाव्य पाने कोणती?’ हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

इस्पिकनव्वी
‘माझी संभाव्य पाने’ हे कसे चालेल? माझी पाने मला दिसत असतात. पण माझी रेंज म्हणजे या जागेवरून, या रकमेने मी ज्या ज्या पानांनी असाच खेळलो असतो ती सगळी. अभिप्राय मागताना समोरच्याच्या रेंजइतकीच ही महत्त्वाची असते. पॉट (मध्ये जमलेली रक्कम), फ्लॉप, बटण तुम्ही ठेवलेच आहेत, मग एकट्या रेंजलाच बाहेर का काढायचे?

कानामात्रा
प्रत्येक शब्द तसाच ठेवला तर ते भाषांतर उरणार नाही. आणि ‘हँड’चे काय? तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘हात’ केले आहे.

वेलांटी
ते मात्र नक्की काढा. पत्त्यांत हात म्हणजे काय ते ठरलेले आहे. पाच-तीन-दोनमध्ये एकाला पाच हात करायचे असतात, मेंढीकोटमध्ये हात मोजतात. पोकरमध्ये तसा हातच नाही. वाटपापासून पॉट कोणाला मिळाला इथपर्यंत जे घडते तो ‘डाव’, आणि जवळची दोन ती ‘पाने’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे प्रश्न विचारणारेही गोंधळ घालतात: ‘हा हात कसा वाटला?’ पानांबद्दल विचारताय की खेळण्याबद्दल?

किलवरदश्शी
‘ब्लाइंड’वर टीप हवी. तीन पत्तीवाला माणूस ब्लाइंड म्हणजे पाने न बघता खेळणे समजतो. इथे ती वाटपाआधी दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम आहे. ‘बिग ब्लाइंडने बघितले’ हे वाक्य त्याला भलतेच कळेल. आणि जाता जाता, किलवरचे मूळ डच असावे असे माझे मत आहे, डचमध्ये त्या रंगाला क्लाव्हर म्हणतात. बदाम आणि चौकट मात्र सरळ आकारावरून.

इस्पिकनव्वी
क्लाव्हर ठीक, पण मग इस्पिकही डच हवे. डचमध्ये ते स्कॉपेन, त्यावरून इस्पिक होत नाही. एक रंग एका भाषेतून आणि दुसरा दुसरीतून आला, हे मला पटत नाही.

सहावी खुर्ची
मला शब्दापेक्षा नमुन्याची जास्त काळजी वाटते. कळकळीने सांगतो, असा डाव टिपणात जाऊ नये. ‘सेट निघाला’ हे आधीच सांगितले की वाचणारा प्रत्येक जण ‘पाने टाकायला हवी होती’ म्हणणार, आणि ते उत्तर निकालाला असेल, निर्णयाला नव्हे. पानांचे रंग नाहीत, पॉट नाही, कोणाकडे किती शिल्लक आहे तेही नाही. निर्णयाच्या जागी थांबायचे आणि पुढचे झाकून ठेवायचे. असे लिहा, आकडे बिग ब्लाइंडच्या पटीत (नो-लिमिट म्हणजे लावण्याला मर्यादा नाही, चेक म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणे, टर्न आणि रिव्हर म्हणजे टेबलावरचे चौथे आणि पाचवे पान):

‘नो-लिमिट, 6 जण, दोघांकडे 100. मी बटणावर, इस्पिक एक्का आणि चौकट राणी, 2.5 ने उघडले. स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, बिग ब्लाइंडने बघितले. पॉट 5.5. फ्लॉप बदाम एक्का, किलवर अठ्ठी, बदाम चौकी. त्याचा चेक, मी 2, त्याने बघितले. पॉट 9.5. टर्न इस्पिक दुर्री. चेक, मी 7, बघितले. पॉट 23.5. रिव्हर चौकट नव्वी. चेक, मी 15, त्याने उरलेले सगळे 88.5 लावले. मला आणखी 73.5 घालावे लागतील. माझ्या 15 ला एक्का-गुलाम, एक्का-दश्शी बघतील असे मला वाटले होते. त्याच्याविरुद्ध 60 डावांची नोंद आहे, रिव्हरला वाढवताना एकदाही दिसलेला नाही.’

‘मला वाटले होते’ हे वाक्य कधीच गाळू नका. विचार कुठे घसरला ते त्यातूनच दिसते. रुपये-डॉलर लिहिण्याऐवजी बिग ब्लाइंड लिहिले की वेगळ्या रकमेच्या टेबलावरचा माणूसही लगेच हिशेब करू शकतो.

इस्पिकनव्वी
60 डावांची ती नोंद काढा, किंवा ‘यावरून काही ठरत नाही’ असे तरी लिहा. रिव्हरपर्यंत येऊन, समोरून लागलेले असताना वाढवायची संधी 60 डावांत दोन-तीनदा आली तर खूप. किती टक्के डावांत तो स्वखुशीने पैसे घालतो हा आकडा शे-दीडशे डावांत बराचसा कळतो. रिव्हरची सवय कळायला हजारो डाव लागतात.

किलवरदश्शी
आता हिशेब, म्हणजे ‘संच’ का म्हणायचे तेही दिसेल. 73.5 घालून एकूण 200.5 च्या पॉटवर हक्क मिळतो, म्हणजे साधारण 36.7 टक्के वेळा जिंकायला हवे. आता त्याची आपल्याला हरवणारी पाने मोजा. अठ्ठ्या, चौक्या, दुर्र्या यांच्या जोड्या प्रत्येकी 3 प्रकारे, एकूण 9. पंजी-तिर्री एकरंगी 4, त्यांची सलग पाच होतात. एक्क्यासह दोन जोड्या, फक्त एकरंगी: एक एक्का टेबलावर आणि एक आपल्याकडे असल्याने अठ्ठीबरोबर 1, नव्वीबरोबर 1, चौकीबरोबर 2, दुर्रीबरोबर 2, मिळून 6. नव्वी-अठ्ठी एकरंगी 2. एकूण 21. बघणे परवडायला त्याच्याकडे हूल देणारी किमान 13 हवीत. 12 पुरत नाहीत. अपुरी राहिलेली बदामची पाने तेवढी सहज निघतील. प्रश्न इतकाच उरतो की लहान रकमेच्या टेबलावरचा माणूस ती घेऊन सगळे लावतो का. माझ्या मते बहुतेक जण लावत नाहीत, म्हणून पाने टाकावीत. कोणी वेगळे म्हणत असेल तर त्याने 21 मधली कोणती कमी करायची किंवा हुलीत कोणती धरायची ते सांगावे. नुसते ‘बघ’ किंवा ‘टाक’ हा अभिप्राय नव्हे.

वेलांटी
‘हूल’ वाचून फार बरे वाटले. ब्लफला इतका नेमका शब्द असताना लोक ‘ब्लफ’ का लिहितात? ‘एकरंगी’ला मात्र हरकत आहे, बदाम आणि चौकट दोन्ही लालच असतात. नवखा बदाम एक्का आणि चौकट चौकी हेही एकरंगी समजेल.

इस्पिकनव्वी
समजणार नाही. ‘कुठला रंग उतरला?’ असे विचारले तर कोणी ‘लाल’ म्हणत नाही. ‘व्हॅल्यू’चे, म्हणजे कमजोर पानांनी बघावे म्हणून लावण्याचे, काय करणार ते सांगा. ‘वसुलीसाठी लावले’ असे चालेल? मला आवडते, कारण त्यात पुढचा प्रश्न येतोच: वसुली कोणाकडून? कोणत्या कमजोर पानांकडून?

वेलांटी
वसुलीत कर्ज गृहीत असते. ‘मोलासाठी’ म्हणा.

सहावी खुर्ची
‘मोलासाठी’ कोणाच्या तोंडी येणार नाही. किलवरदश्शींच्या हिशेबात रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची पॉटमधली कपात, धरायला हवा. पॉटमधून 5 टक्के आणि जास्तीत जास्त 3 बिग ब्लाइंड कापले जात असतील तर गरज 37.2 टक्क्यांवर जाते. इथे उत्तर बदलत नाही, पण छोट्या पॉटमध्ये बदलते, म्हणून टेबलाचा रेकही लिहावा.

कानामात्रा
नमुना बदलतो, आभार. ‘फीडबॅक’ला अभिप्राय लिहिले आहे. तपासणाऱ्यांना ‘प्रत्याभरण’ हवे आहे.

वेलांटी
प्रत्याभरण हा शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातला शब्द. नेमका आहे: केलेल्या कृतीची माहिती करणाऱ्याकडे परत जाते आणि पुढची कृती सुधारते. अभिप्राय म्हणजे नुसते मत.

इस्पिकनव्वी
नेमका असेल, पण ‘माझ्या डावावर प्रत्याभरण द्या’ म्हटल्यावर कोण उत्तर देईल? टिपणात त्याऐवजी हे घाला: निकालांचा आलेख दाखवून ‘मी बरोबर खेळतोय ना’ असे विचारू नका. 100 डावांमागे चढउताराचे प्रमाण विचलन 90 बिग ब्लाइंड धरले तर 10,000 डावांनंतरही सरासरीत 9 ची प्रमाण त्रुटी (अंदाजातली साधारण चूक) उरते. 100 डावांमागे 5 चा फायदा त्यात बुडून जातो. आलेखावर कोणी काही उपयोगी सांगू शकत नाही, एकेका निर्णयावर सांगू शकतो.

कानामात्रा
घालतो. आणि पल्ला की संच?

किलवरदश्शी
त्याआधी टर्नचे पाहा, खरा प्रश्न तिथेच आहे. 9.5 च्या पॉटमध्ये 7 लावल्यावर एक्का-सत्तीसारखी पाने गळायला लागतात आणि रिव्हरला त्याच्याकडे आपल्याला हरवणाऱ्यांचे प्रमाण वाढते. 4 लावले असते तर? सॉल्व्हरवर, म्हणजे डावाचे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामवर, तपासणार असाल तर त्याच्या सुरुवातीच्या रेंज स्वतः भरा. आयत्या भरलेल्या रेंज नीट खेळणाऱ्याच्या असतात, आणि तुमच्या टेबलावरचा माणूस बिग ब्लाइंडवरून वेगवेगळ्या रंगांची एक्का-अठ्ठीही बघत असेल तर तीच 5 प्रकारे वाढते आणि वरचा 21 चा आकडा 26 होतो. मग हूल देणारी 16 लागतात.

सहावी खुर्ची
पण तो माणूस तशी दोन जोड्यांची पाने फ्लॉपवरच वाढवत असेल तर ती 5 रिव्हरपर्यंत येणारच नाहीत. फ्लॉपवर 2 ला त्याने नुसते बघितले आहे, हेही मोजा.