प्रतिसाद: पिकअप ट्रकचा सपाट बाजूंचा हौदा आधी कोणाचा?

मूळ लेखात म्हटलंय की पिकअप ट्रकचा सपाट बाजूंचा हौदा (म्हणजे मागचा, माल ठेवायचा उघडा भाग) फोर्डने १९५७ साली पहिल्यांदा आणला. पण १९५५ चा शेवरोले कॅमिओ कॅरिअर विसरू नका! मात्र त्याच्या सपाट बाजू फायबरग्लासच्या. आत नेहमीचाच अरुंद पोलादी हौदा, तळाला लाकडी फळ्या आणि मध्ये लोखंडी पट्ट्या. बाहेरून टिचकी मारली की आवाजच वेगळा येतो. फोर्डचा १९५७ चा हौदा, म्हणजे ‘स्टाइलसाइड’, मात्र अख्खा पोलादी, केबिनच्या रुंदीचा. म्हणून माझ्या मते खरं वळण तिथलंच. शेवरोलेचा सपाट बाजूंचा पोलादी हौदा, ‘फ्लीटसाइड’, १९५८ मध्ये आला आणि देखणा कॅमिओ बंद झाला. जुन्या पद्धतीचे, बाहेर फुगीर मडगार्ड आणि पाय ठेवायला पायरी असलेले हौदे पुढेही कितीतरी वर्षं मिळत होते. मला तेच जास्त आवडतात.