गणितात 63, बाकी सगळे 84 किंवा त्याच्या वर. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी का?

औसेकरीण
पोरीचा दहावीचा निकाल लागला. मराठी 91, हिंदी 88, इंग्रजी 84, विज्ञान 87, सामाजिक शास्त्रे 93 अन् गणित 63. आम्ही पेढे आणले आणि ही दार लावून बसली. पेपर झाल्या दिवशीच तिनं प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीनं मार्क मांडून ठेवले होते. बीजगणित, भूमिती मिळून 80 पैकी 70 होतात. तोंडी-बिंडीचे शाळेनं 19 दिलेत. ह्यांचं म्हणणं, पेरणी तोंडावर आलीय, छायाप्रतीच्या 400 रुपयांत युरियाच्या दीड थैल्या येतात. लातूरला सायन्सला टाकायचंय. रीचेकिंगमध्ये कमी तर नाही ना होणार?

खडू_डस्टर, नांदेड
ताई, आधी टक्केवारी बघा. 88.60 असेल. ती बेस्ट ऑफ फाइव्हची, म्हणजे जास्त मार्कांच्या पाच विषयांची, गणित त्यात धरलेलंच नाही. 63 चे 80 झाले तरी आकडा हलणार नाही, कारण त्याच्या वर इंग्रजी 84 आहे. पोरीचा हिशोब खरा निघाला तर 89, म्हणजे 89.60. लातूरच्या कटऑफला एक टक्का थोडा नव्हे, हेही खरं.
पण 63 मधून शाळेचे 19 काढले तर लेखीचे 44 उरतात. 70 कुठं अन् 44 कुठं! मी बरीच वर्षं पेपर तपासतोय. 26 मार्कांचा फरक हात आखडल्यानं पडत नाही. एक तर अख्खी पुरवणी तपासायची राहिली, नाही तर पोरीचा हिशोब चुकला. 50 रुपयांच्या गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर बघतात, पेपर हातात येत नाही. म्हणून छायाप्रतच मागवा. ती आल्यावर पाच कामाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, त्याचे 300 वेगळे. त्यात मार्क कमीही होऊ शकतात, तेव्हा गणिताच्या सरांना दाखवल्याशिवाय ते भरू नका.
पोरीला एक विचारा: पुरवण्या किती घेतल्या, अन् पहिल्या पानावर तो आकडा लिहिला का?

अंबाजोगाईचा_पोट्टा
काकू, मी विज्ञानाची मागवली होती. चूक माझीच निघाली, प्रश्न तिसऱ्याचं उत्तर अन् नंबर टाकलेला दुसऱ्याचा. मार्क काही वाढले नाहीत. पण त्या रात्री झोप लागली बघा.

परभणी_एक्सप्रेस
तोवर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म आहे त्याच मार्कांवर भरून टाका. तो थांबत नसतो.

औसेकरीण
सर, लई आभार. काल नेट कॅफेत जाऊन छायाप्रतीचा अर्ज भरला, माझ्या शिलाईच्या पैशातून. अकरावीचाही भरला.
पुरवणीचं विचारलं तर पोरगी गपच झाली. मग म्हणाली, भूमितीला दोन घेतल्या, शेवटची घंटा झाल्यावर घाईत दोरा बांधला. पहिल्या पानावर एक लिहिलं की दोन, ते काही केल्या आठवेना तिला. सकाळपासून तेच आठवायलीय.