गिरणारे बाजूच्या ९ एकर उतारावर एमटीबी (माउंटन बाइक) ट्रेल बांधायचाय, आखणीबद्दल सल्ला हवा

रानवाट

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ गिरणारेच्या पुढे, धोंडेगावच्या अंगाला घरची ९ एकर उताराची जमीन आहे. पिकाला निरुपयोगी. वरच्या निम्म्यात साग, खैर आणि लावलेलं गिरिपुष्प, मधे घाणेरीचं रान, तळाला साधारण एकरभर काळी माती. बाकी सगळा मुरूम. वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत सरळ अंतर २१० मीटर, उंचीतला फरक ३८ मीटर, आडवी रुंदी १७०-१७५ मीटर. मधून एक पावसाळी ओघळ जातो.

फक्त सायकलसाठी, एकाच दिशेने चालवायचा ३ किमीचा फेरा करायचा विचार आहे. नवख्याला झेपावा आणि सरावलेल्यालाही परत यावंसं वाटावं. जेसीबीवाला तीन दिवसांत काढून देतो म्हणतोय. चार सायकली भाड्याने ठेवायच्या आहेत, त्या कोणत्या घ्याव्यात? आणि बांधीव ट्रेलवर चालवणारे लोक नक्की कशावर खूश आणि कशावर नाराज असतात, तेही सांगा.

उतारमापक

आधी जेसीबीला नाही सांगा. त्याची स्वतःचीच रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. तुम्हाला हवी आहे ९० सेंमीची वाट, तो देईल तीन मीटरचा कच्चा रस्ता. एवढी जमीन उघडी पडली की पहिल्याच आषाढात ती खालच्या शेतकऱ्याच्या वावरात जाते. यंत्र हवंच असेल तर दीड टनाचा मिनी एक्स्कॅव्हेटर, मीटरभर रुंदीचा. तुमच्या उताराला मात्र हातकाम पुरेल, आकडे खाली देतो.

३ किमीचा हट्टही सोडा. ९ एकर म्हणजे साधारण ३६,४०० चौरस मीटर. त्यात ३ किमी बसवलात तर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत सरासरी १२ मीटर अंतर उरतं. झाडी विरळ असली की खालची वाट वरून दिसते आणि लोक मधूनच आडवं उतरतात. असा चोरवाटेचा एक चरा पडला की पाणी तोच धरतं. १.४ किमी केलात तर तेच अंतर २६ मीटर होतं.

आता उतार. तुमच्या जमिनीचा उतार ३८ भागिले २१०, म्हणजे १८ टक्के. वाटेचा उतार जमिनीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही, म्हणजे इथे ९ टक्क्यांच्या आत. तो ओलांडला की पाणी वाट आडवी पार करण्याऐवजी वाटेवरूनच धावायला लागतं. उतरण सरासरी ६ टक्के धरली तर ३८ मीटर उतरायला ६३० मीटर लांबी लागते. चढण ५ टक्क्यांची, ती ७६० मीटर. बेरीज १.४ किमी, मोजून. चढण ५ च्या वर नेऊ नका, भाड्याच्या सायकलवरचा माणूस तिथेच उतरून ढकलत बसेल.

आखणी करताना अंदाज चालत नाही. मोबाइलमधलं उतार मोजायचं ॲप चालतं, पण दर २० मीटरला पाण्याची लेव्हल ट्यूब लावून खात्री करा. खुंट्या ठोका, चुना टाकू नका, पावसात जातो. आणि आखणी पावसाळ्यातच करा. जोराच्या सरीत छत्री घेऊन जमिनीवर उभं राहिलं की पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते नकाशापेक्षा चांगलं कळतं.

हार्डटेल_पंचवटी

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल.

वेल्समधलं कोएड-इ-ब्रेनिन, स्कॉटलंडमधलं ग्लेनट्रेस, न्यूझीलंडमध्ये रोटोरुआचं व्हाकारेवारेवा जंगल ही बांधीव ट्रेलची नावाजलेली ठिकाणं. ब्रिटनमध्ये पाऊस सतत, म्हणून तिथे बऱ्याच वाटांवर खडी-दगड दाबून पक्का थर देतात. त्यामुळे बारा महिने चालवता येतं, पण हात दुखतात आणि सगळे ट्रेल सारखेच वाटतात ही तिथली नेहमीची कुरकुर. रोटोरुआत जमीन ज्वालामुखीची आणि पाणी झिरपणारी, त्यामुळे नुसत्या मातीच्या वाटा पावसानंतरही चालतात. आपला मुरूमही ज्वालामुखीच्याच खडकाचा, पण तळाची ती एकर काळी माती सगळं बिघडवेल. तिच्यावरून वाट नेऊच नका. ओली झाली की चाक आणि फ्रेममधली जागा भरून टाकते, सुकली की हातभर भेगा.

चालवणाऱ्यांची मुख्य तक्रार एकच असते: वेग आणि वळण जुळत नाही. लांब सरळ उतार आणि त्याच्या टोकाला एकदम घट्ट वळण दिलं की प्रत्येक जण त्याच जागी ब्रेक दाबतो, महिनाभरात तिथे ब्रेकचे खळगे पडतात. ते बुजवून काही होत नाही, पुन्हा पडतात. वळणाच्या आधी ८-१० मीटरवर छोटा चढ द्या, वेग आपोआप उतरतो आणि ब्रेकला हात जात नाही.

दुसरी तक्रार, फार गुळगुळीत. जमिनीत घट्ट बसलेले बसाल्टचे दगड सगळेच उपटू नका. काही ठेवा.

सिडकोची_चढण

दगड ठेवा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे, निदान मुख्य वाटेवर. नवख्यांसाठीच्या हिरव्या दर्जात न टाळता येणारा अडथळा २ इंचांपेक्षा उंच नसावा आणि वाट ३ फुटांच्या आसपास रुंद असावी, हे मान्य माप आहे. त्याच्या पुढच्या निळ्या दर्जात ८ इंच आणि २ फूट. दादांनी नवख्यांसाठी म्हटलंय, तर ३ फूटच ठेवा.

मुलं आणि पहिल्यांदा येणाऱ्या बायका अवघड दगडापेक्षा बाहेरच्या कडेला घाबरतात. कडेखाली लगेच घाणेरीचे तोडलेले टोकदार खुंट किंवा सुटे धोंडे असतील तर ती भीती रास्तच आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना दीड मीटर पट्टा साफ हवा. घाणेरी वरून छाटू नका, जोमाने फुटते. जमिनीखाली २-३ इंचांवर मुळाचा गड्डा तोडून उलटा टाका. पावसाळ्यात माती मऊ असताना हे काम निम्म्या कष्टात होतं.

रानवाट

खूप उपयोगी. १.४ किमी मान्य, जेसीबी रद्द. दगडाचं काय करू, दोघांचंही पटतंय. आणि हातकामाचे आकडे राहिले. वळणांचंही सांगा, तिथेच गोंधळ होतोय.

उतारमापक

दगडाचा तोडगा सोपा आहे. मुख्य वाट साफ ठेवा, आणि जिथे दगड आपसूक आहेत तिथे ८-१० मीटरची बाजूची लाइन काढा, जी पुढे मुख्य वाटेलाच मिळते. तिचं तोंड मुख्य वाटेपेक्षा अरुंद आणि अवघड ठेवा. सर्वांत कठीण दगड अगदी सुरुवातीला. ज्याला तो झेपत नाही तो तिथेच मुख्य वाट धरतो, मधे अडकून पडत नाही.

खोदकाम: वाट पूर्ण कापून काढायची, निम्मी कापून निम्मी भरावावर नाही. भरावाची बाहेरची कड पहिल्या पावसात बसते आणि नेमका नवखा माणूस तिथूनच चाक घालतो. १८ टक्के उतारावर ९० सेंमी रुंदीला आतल्या बाजूला फक्त १६ सेंमी खोल कापावं लागतं, म्हणून हातकाम जमतं. आतली भिंत उभी ठेवू नका, तिरकी छाटा. निघालेली माती खालच्या बाजूला दूर फेकून पसरा. कडेवर ढीग राहिला की त्याचा बांध होतो, पाणी वाटेत कोंडतं आणि लांबवर वाहत जातं. बांधलेल्या वाटा बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

बाहेरच्या कडेला ५ टक्के कल, म्हणजे ९० सेंमीत ४-५ सेंमी खाली. फळी आणि स्पिरिट लेव्हल ठेवून तपासा. चाकांनी मधली माती दबून हा कल वर्षभरात जातोच, म्हणून त्याच्यावर एकट्यावर भिस्त नको. दर १०-१५ मीटरला वाट थोडी वर चढवून पुन्हा उतरवा, दोन-तीन मीटर लांबीचा उलटा उतार पुरतो. पाणी त्या खोलगटातून बाहेर पडतं, आणि चालवणाऱ्याला तीच लाट मजेची वाटते. एका दगडात दोन पक्षी.

रोजची गती: एक जोडी, टिकाव, फावडं, घमेलं, पहार आणि शेवटी धुम्मस, एवढ्यावर मुरमात १५ मीटर अंदाजाने धरा. १.४ किमीला ९३-९४ जोडी-दिवस. चार जोड्या लावल्या तर २४ दिवस, वळणांचा वेळ वेगळा. काम पाऊस उघडल्यावर लगेच सुरू करा, जमिनीत ओल असतानाच मुरूम दाबला जातो. डिसेंबरनंतर नुसती धूळ ठोकत बसाल, मग टँकर आणा. पण अडचण अशी की नेमकी तेव्हाच द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी असते आणि गिरणाऱ्यात टोमॅटोचा हंगाम. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दर चढे. गणपतीच्या आधीच माणसं बोलून ठेवा.

वळणं. १८ टक्के उतारावर साधं सपाट वळण टिकत नाही, कारण वळणाच्या मधोमध वाट काही मीटर सरळ खाली उतरते आणि तिथेच घळ पडते. वळणाची त्रिज्या ३.५ ते ४ मीटर घ्या, खालच्या बाजूला सुक्या दगडाची पौळ रचा आणि आत मुरमाचा भराव १०-१५ सेंमीच्या थरांनी, प्रत्येक थर ओला करून ठोकून. एकदम फूटभर टाकून वरून ठोकलं की वरचा पापुद्रा घट्ट आणि आत पोकळ. बर्म, म्हणजे वळणाची बाहेरची उचललेली कड, वळण सुरू व्हायच्या आधीपासून चढायला लागली पाहिजे. बहुतेक जण ती शेवटाला उंच करतात, तोवर सायकल बाहेर गेलेली असते. बर्मच्या आत पाणी साठतं, म्हणून वळणात शिरण्याआधी एक आणि बाहेर पडल्यावर एक खोलगट उतार हवाच. चढणीच्या वळणांना बर्म नको, ती शक्य तितकी सपाट.

ओघळ: पाइप टाकू नका, सागाची पानं पहिल्याच महिन्यात तोंड बुजवतात. वाट ओघळात उतरवून पलीकडे चढवा, दोन्ही बाजूंनी. तळाला चपटे दगड उभे, कडेवर, एकमेकांना खेटून बसवा, फटींत बारीक दगड ठोका. आडवे पसरलेले दगड एका पुरात जातात.

सातबारा

खोदण्याआधी सातबारा उताऱ्यातला ‘इतर हक्क’ रकाना वाचा. तिथे ‘खाजगी वन’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खालची नोंद असेल तर थांबा आणि वकिलाला दाखवा. १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होऊ शकतो. साग आणि खैर दोन्ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाट झाडाला वळसा घालून न्या, ट्रेलला ते शोभतंही. बाहेरून मुरूम आणलात तर गौण खनिजाचा वाहतूक परवाना हवा.

शेजारी वनखात्याची जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) असेल तर ती आयती वाट समजून जोडू नका. एक तर ती त्यांची, शिवाय बहुधा थेट उतारावर सरळ काढलेली. आणि हे वाचून कोणाला बोरगड किंवा अंजनेरीवर ‘आपण पण एक वाट काढू’ असं सुचत असेल तर, दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. बोरगड २००८ पासून. अंजनेरीच्या पठारावर तर जगात दुसरीकडे न सापडणारी कंदीलपुष्पाची जात आहे.

पंक्चर_पेठरोड

सायकली: २९ इंची हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), १२० मिमी दबणारा पुढचा फोर्क, पेडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चक्र), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. पुढची रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, १८० मिमी, मागची १६०. दोन मध्यम, एक लहान, एक मोठी. फुल सस्पेन्शन या उताराला नको, मागच्या बेअरिंगांत मुरमाची धूळ जाऊन देखभालच खाईल.

टायर २.३५ रुंद, ट्यूबलेस. आपल्याकडे बाभळीचा काटा हा मुख्य शत्रू, ट्यूब घातली तर रोजचं पंक्चर. सीलंट (आतून छिद्र बुजवणारा द्रव) प्रत्येक चाकात १२० मिली, उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी वॉल्व्हमधून तपासा, चैत्र-वैशाखात फार लवकर सुकतं. ७५ किलोच्या माणसाला टायरमधल्या हवेचा दाब पुढे २१-२२, मागे २४-२५ पीएसआय. फोर्कमध्ये माणूस बसल्यावर तो २५ टक्के दबेल एवढी हवा. भाड्याच्या सायकलीत दर वेळी हवा बदलणार नसाल तर मागे २७ ठेवा, वजनदार माणसाने रिम ठोकण्यापेक्षा बरं.

मार्चनंतर कडक मुरमावर सुटी बारीक खडी येते, तेव्हा जोंधळ्यावर पाय पडल्यासारखी चाकं घसरतात. त्यावर टायर बदलून फारसा उपाय नाही. वळणांवरची सुटी खडी दंताळ्याने आठवड्यातून एकदा आत ओढा आणि पाणी मारून ठोका. धुताना प्रेशर वॉशर हब (चाकाचा तुंबा) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस फिरतो ती जागा) मारू नका.

हार्डटेल_पंचवटी

२७ जास्त आहे राव, चढणीवर मागचं चाक सुटेल. टायरच्या आत फोमचं इन्सर्ट टाका आणि २३-२४ वर चालवा.

पंक्चर_पेठरोड

चार सायकलींना इन्सर्ट म्हणजे खर्च बघा, शिवाय टायर काढताना घाम फुटतो. चढण ५ टक्क्यांची आहे, २७ वर काही सुटत नाही.

रानवाट

उतारा काढला, इतर हक्कात फक्त सोसायटीचा बोजा आहे. काळी माती पूर्ण वगळली तर खालची १२ मीटर उंची जाते. मग हिशेब २६ मीटरचा धरायचा ना?

उतारमापक

हो. उतरण ४३० मीटर, चढण ५२०, एकूण साडेनऊशे. तेवढंच बांधा. वरच्या सागाच्या भागात लाटा आणि बाजूच्या लाइन वाढवा, लांबी नको. पहिला पावसाळा ट्रेल बंद ठेवून पाणी कुठे चुकतंय ते बघा आणि दसऱ्यानंतर दुरुस्ती करून उघडा. पुढेही दरवर्षी भर पावसात साखळी लावा. बुटाचा ठसा एका सेंटीमीटरपेक्षा खोल उमटत असेल त्या दिवशी सायकल आत सोडायची नाही.