कंपनीचे स्वतःचे ॲप सुरळीत चालते, व्हिडिओवरचा भजनाचा वर्ग मात्र अडखळतो: हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग ठरतो का?

केरीकर (सत्तरी)

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील केरी येथे राहतो आणि भजन व नाट्यगीते शिकवतो. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांतील काही मुले माझ्याकडे ऑनलाईन शिकतात. घरी फायबरची जोडणी नसल्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून, जित्सी या विनामूल्य सेवेवर ब्राउझरमधूनच वर्ग घेतो. संध्याकाळच्या वेळी माझा आवाज तुटत जातो, चित्र थिजते आणि ताल पूर्णपणे निसटतो. त्याच वेळी घरातील मंडळी त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिमवर, कंपनीच्याच ॲपवर चित्रपट पाहत असतात आणि तो एकदाही थांबत नाही.

रिचार्ज करून देणाऱ्या दुकानदाराचे म्हणणे असे की महागडा प्लॅन घेतल्यास कंपनी अधिक वेग देते. यावर माझे दोन प्रश्न आहेत. कंपनी स्वतःच्या ॲपला झुकते माप देऊन माझा वर्ग मुद्दाम मंद करत असेल, तर ते नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरील सर्व सेवांना समान वागणूक देण्याच्या, कायद्यात बसते का? आणि तसे होत आहे की नाही, हे सामान्य ग्राहकाने कसे ताडून पाहावे?

पर्वरीचा अभियंता

बुवा, दूरसंचार क्षेत्रात काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. आपली शंका रास्त आहे, परंतु चित्रपट आणि वर्ग यांची थेट तुलना करून भेदभाव सिद्ध होणार नाही, कारण या दोहोंची नेटवर्ककडून असलेली गरजच वेगळी आहे. चित्रपटाचे ॲप पुढचे तुकडे आधीच मागवून फोनमध्ये साठवते, त्यामुळे टॉवरवर काही सेकंद गर्दी झाली तरी पाहणाऱ्याला ते कळतही नाही. संभाषणात असा साठा करताच येत नाही. आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस पोहोचण्यास शक्यतो 150 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते, आणि तीसुद्धा साध्या बोलण्यासाठी आहे. तालात गाणाऱ्याला त्याहून कमी विलंबही खटकेल.

दुसरी बाब अपलोडची. चित्रपट फक्त खाली येतो, आपला आवाज आणि चित्र मात्र वर जाते. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो, तर फोनची कमाल शक्ती साधारण 200 मिलिवॅट असते. त्यामुळे डोंगराळ भागात किंवा टॉवरपासून दूर असलेल्या घरात टॉवरचा संदेश फोनपर्यंत नीट पोहोचतो, फोनचा संदेश मात्र टॉवरपर्यंत क्षीण होऊन जातो. रेंजच्या सर्व दांड्या दिसत असतानाही अपलोड कोसळलेले असू शकते, कारण त्या दांड्या टॉवरकडून येणाऱ्या संदेशाच्या असतात. त्यातच 4जीच्या 2300 मेगाहर्ट्झसारख्या बँडमध्ये एकच वाहिनी वेळ वाटून वापरली जाते आणि त्यातील बहुतांश वेळ डाउनलोडला दिलेला असतो.

तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा फार कमी होते. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपल्या सामग्रीच्या प्रती मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्येच किंवा त्याला लागून असलेल्या सर्व्हरवर ठेवतात. यालाच सीडीएन म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपची सामग्री तर बहुधा तिच्याच डेटा सेंटरमधून येते. आपल्या वर्गाची माहिती मात्र कंपनीच्या नेटवर्कबाहेर पडून, वाटेत दोन-तीन नेटवर्क ओलांडून, दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. येथे कोणी आपल्याला अडवलेले नाही. दुसऱ्याचे अंतर पैशाने कमी झालेले आहे. नियमांनी सीडीएनला नेट न्यूट्रॅलिटीच्या बंधनातून वगळले आहे. कायद्याने ते योग्य असेलही, परंतु छोट्या सेवेला आणि मोठ्या सेवेला समान वाट मिळते, हे म्हणणे त्यामुळे अर्धेच खरे उरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ताडून पाहण्याची पद्धत. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी पुढाकार घेऊन तयार केलेले ‘वीही’ नावाचे विनामूल्य ॲप आहे. प्रसिद्ध ॲपची आधी नोंदवलेली वाहतूक ते एकदा जशीच्या तशी पाठवते आणि एकदा नेटवर्कला ओळखता येणार नाही अशा रूपात पाठवते. दोन्ही वेळचा वेग सारखा असेल, तर ॲप ओळखून वेग कमी केला जात नाही, असे मानता येते. ही चाचणी दुपारी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा, अशी निरनिराळ्या दिवशी करावी. व्हीपीएन, म्हणजे सारी माहिती सांकेतिक रूपात दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय, लावून वर्ग घेऊन पाहणे हाही एक उपाय आहे, मात्र व्हीपीएनमुळे माहितीचा मार्गच बदलत असल्याने केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये. सोबत वेगचाचणीतील अपलोड व लेटन्सीचे (विलंबाचे) आकडे वेळेसह लिहून ठेवावेत.

एक गोष्ट स्पष्ट करतो. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात पाठवणाऱ्या जोडणीवर, असले तरी जोडणी सुरू होताना सर्व्हरचे नाव सहसा उघडपणे जाते, त्यामुळे आपण काय बोलता ते कंपनीला कळत नसले तरी आपण कोणती सेवा वापरता, हे ओळखणे तिला शक्य असते. म्हणून चाचणी आवश्यक आहे.

अंत्रुजवासी (ग्राहक चळवळ)

कायद्याची बाजू मी सांगतो. भारतात या विषयाचे दोन स्वतंत्र आधार आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिला आधार दरांचा. ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभावपूर्ण दरांना मनाई करणारे विनियम जारी केले. कोणत्या संकेतस्थळाचा डेटा वापरला, यावरून कमी किंवा जास्त दर लावणे त्यामुळे निषिद्ध झाले. उल्लंघनासाठी प्रतिदिन 50,000 रुपये आणि कमाल 50 लाख रुपये आर्थिक भुर्दंडाची तरतूद आहे. या विनियमांनंतर काही दिवसांतच फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’, म्हणजे ठरावीक संकेतस्थळेच फुकट उघडून देणारी योजना, भारतातून मागे घेतली. दुसरा आधार वागणुकीचा. ट्रायने नोव्हेंबर 2017 मध्ये शिफारशी केल्या, जुलै 2018 मध्ये सरकारने त्या स्वीकारल्या आणि त्यानंतर परवान्यांच्या अटींत दुरुस्ती झाली. एखादी सामग्री रोखणे, तिचा वेग कमी करणे किंवा तिला प्राधान्याचा वेग देणे या साऱ्यास त्या अटींनी मनाई केली आहे. बुवांचा प्रश्न या दुसऱ्या आधाराखाली येतो. कंपनी खरोखरच सेवा ओळखून वर्ग मंद करत असेल, तर तो परवान्याच्या अटीचा भंग ठरेल.

परंतु अपवादही आहेत. वाजवी वाहतूक व्यवस्थापन कंपनीला करता येते, मात्र ते प्रमाणबद्ध, तात्पुरते आणि पारदर्शक असावे लागते. रोजचा डेटा संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर येतो, ते सर्व सेवांना सारखेच लागू असल्याने त्यात या नियमाचा भंग नाही. चित्रपटाच्या ॲपची वर्गणी प्लॅनसोबत फुकट देणेही या नियमाच्या आड येत नाही, जोपर्यंत त्या ॲपचा डेटा इतर डेटाप्रमाणेच मोजला जातो.

दुकानदाराने सांगितलेल्या महागड्या प्लॅनविषयी एवढे सांगतो की जुलै 2020 मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांच्या प्राधान्याचा वेग देणाऱ्या प्लॅनांवर ट्रायने आक्षेप घेऊन ते थांबवण्यास सांगितले होते. प्रकरण दूरसंचार लवादापर्यंत गेले. जादा पैसे भरणाऱ्याला पुढे नेताना उरलेल्यांचा वेग घटतो का, हा तेथे कळीचा प्रश्न होता आणि 5जीच्या काळात, जिथे एकाच नेटवर्कचे वेगवेगळे पट्टे पाडता येतात, तो अधिकच टोकदार होणार आहे.

सांगे येथील शिक्षक

वरील सर्व वाचले, तरी एक आक्षेप मनापासून नोंदवतो. कोविडच्या काळात सांगे, काणकोण आणि सत्तरीतील मुले ऑनलाईन वर्गासाठी रेंज शोधत टेकड्या चढत होती, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. ज्या घरात रिचार्जला पैसे नव्हते, तेथे एखाद्या कंपनीने शैक्षणिक संकेतस्थळे फुकट उघडून दिली असती, तर तत्त्वाच्या नावाखाली ती का नाकारायची? समान वागणुकीचा आग्रह ज्यांना नेट मिळते त्यांना परवडतो. ज्यांना मिळतच नाही, त्यांच्या पदरात काय पडते?

अंत्रुजवासी (ग्राहक चळवळ)

सर, आपले दुःख खरे आहे आणि प्रश्नही गंभीर आहे. पण कोणती संकेतस्थळे शैक्षणिक मानायची हे त्या योजनेत कंपनी ठरवते, शिक्षक ठरवत नाही. आपण स्वतः तयार केलेली मराठी स्वाध्यायांची पाने त्या यादीत कधीच आली नसती, कारण त्यांच्यासाठी कंपनीशी करार करणारे कोणी नव्हते. विद्यार्थ्याला डेटा फुकट देण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्याला फक्त ठरावीक दारापर्यंतच नेणे निषिद्ध आहे. ट्रायनेच डिसेंबर 2016 मध्ये ग्रामीण ग्राहकांना दरमहा 100 एमबी डेटा मोफत द्यावा आणि त्याचा खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून करावा, अशी शिफारस केली होती. आपण मागणी करायची तर त्या दिशेने करावी, आणि सोबत टॉवरची मागणीही करावी, कारण जिथे रेंजच नाही तिथे फुकट संकेतस्थळाचाही उपयोग नाही.

सांगे येथील शिक्षक

यादी कोण ठरवणार, हा मुद्दा मला पटतो. मोफत डेटाची शिफारस मात्र कागदावरून आमच्या वाड्यांपर्यंत आल्याचे मी पाहिलेले नाही, म्हणून माझी अस्वस्थता कायम आहे.

केरीकर (सत्तरी)

सर्वांचे आभार. पर्वरीच्या अभियंत्यांनी सांगितल्याप्रमाणे ‘वीही’ निरनिराळ्या वेळी चालवून पाहिले; दोन्ही प्रकारच्या वाहतुकीत कोठेही लक्षणीय फरक दिसला नाही. अपलोड मात्र संध्याकाळी इतके घसरते की आवाजसुद्धा धड जाऊ शकत नाही, आणि रात्री दहानंतर ते सावरते. म्हणजे मुद्दाम मंद केल्याचा पुरावा माझ्या हाती नाही. मग मी तक्रार करू शकतो का, आणि कोणाकडे?

अंत्रुजवासी (ग्राहक चळवळ)

अवश्य करू शकता. मात्र ती नेट न्यूट्रॅलिटीची न करता सेवेच्या दर्जाची करावी. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, म्हणजे 198 वर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि वेळेसह लिहून ठेवलेले अपलोडचे आकडे लेखी कळवावेत. समाधान न झाल्यास 30 दिवसांच्या आत कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येते. गोवा दूरसंचाराच्या दृष्टीने महाराष्ट्र परिमंडळात येत असल्याने अपील त्याच परिमंडळाकडे जाते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करून वेळ घालवू नये. यानंतर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास आयोगाचे शुल्कही लागत नाही.

पर्वरीचा अभियंता

त्यात एक भर घालतो. 2024 च्या सेवा दर्जा विनियमांनुसार कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. केरीचा नकाशा उघडून त्याची प्रत तक्रारीला जोडा. नकाशात आपले घर चांगल्या रेंजमध्ये दाखवलेले असेल, तर आपल्या आकड्यांशी असलेली विसंगती कंपनीलाच लेखी स्पष्ट करावी लागेल. तोपर्यंत संध्याकाळच्या वर्गात आपले चित्र बंद ठेवून फक्त आवाज पाठवावा, कारण आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडे अपलोड लागते. फोन टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवून लॅपटॉपशी केबलने जोडल्यासही फरक पडेल.