माझदा एमएक्स-५ १.६ सुपरचार्जर: नॉक आणि बेस टायमिंग
बूस्टमध्ये (सुपरचार्जरचा दाब असताना) नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) येतोय म्हणून मॅपमधून (टायमिंगच्या तक्त्यातून) अंश कमी करत बसण्याआधी, ईसीयू (इंजिनचा संगणक) दाखवतो तेच टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) क्रँकवर मिळतंय का ते बघा. ईसीयूत टायमिंग १० अंशांवर फिक्स करा, इंजिन गरम झाल्यावर पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून क्रँक पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावा. वेस्टेड स्पार्क आहे (एक कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते, त्यातली एक वाया जाते), त्यामुळे डायल-बॅक लाइटचा (डायल फिरवून अंश मोजणाऱ्या टायमिंग लाइटचा) डायल शून्यावरच ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो. सगळीकडे सारखाच फरक असेल तर ईसीयूतला ऑफसेट (टायमिंगची दुरुस्ती) बदला किंवा कॅम अँगल सेन्सर (कॅमची स्थिती ईसीयूला सांगणारा) फिरवा. आयडलला बरोबर, पण ४००० आरपीएमला सरकत असेल तर ईसीयूत ट्रिगरची कड (सेन्सरच्या सिग्नलची चढती की उतरती बाजू) किंवा लेटन्सी (सिग्नलचा उशीर) चुकलीय. खूण नाचतेय? मग टायमिंग बेल्टचा ताण आणि क्रँकची चावी (क्रँकवर पुली जागेवर धरणारा लहान तुकडा) तपासा. १९९०-९१च्या आखूड नाकाच्या (पुढचं टोक लहान असलेल्या) क्रँकवर तिची खाच झिजते, आणि ते ट्यूनिंगनं सुटत नाही.